यू-३८ : एका जर्मन पाणबुडीची कारकीर्द आणि मुंबईची टपालबोट

मराठीत 'पाणबुड्या' हा शब्द जुना आहे. पाण्यात बुडी मारून तळाची वस्तू वर काढणारा तो पाणबुड्या. विहिरीत पडलेली घागर काढणाऱ्यापासून समुद्रतळाचे मोती काढणाऱ्यापर्यंत सर्वांना हा शब्द लागू पडतो आणि त्यात कोठेही भय नाही. या घरगुती शब्दापासून सिद्ध झालेला 'पाणबुडी' हा शब्द मात्र पहिल्या महायुद्धापासून वेगळ्या अर्थाने ओळखीचा झाला. जी स्वतः बुडते आणि पुन्हा वर येते, पण जिच्या वाटेत आलेली जहाजे एकदा बुडाली की वर येत नाहीत, ती पाणबुडी.

माळव्याच्या पठारावर राहणाऱ्या वाचकाला हा विषय दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. इंदूरपासून मुंबईचे बंदर पाचशे किलोमीटरहून अधिक दूर, आणि ज्या भूमध्य समुद्रात ही कथा घडली तो तर आणखी कितीतरी पलीकडे. तथापि, ज्या जर्मन पाणबुडीचा हा वृत्तान्त आहे, तिने एकाच दिवशी बुडवलेली दोन जहाजे मुंबईच्या वाटेवर होती. त्या जहाजांच्या भट्ट्यांपुढे, डेकवर आणि भोजनगृहात राबणारी माणसे मोठ्या संख्येने हिंदी होती. अशा जहाजांवर कोकणच्या आणि गोव्याच्या माणसांचा भरणा असे. युरोपात लिहिल्या गेलेल्या नाविक इतिहासांत या पाणबुडीची कारकीर्द टनांच्या आकड्यांत दिलेली आढळते. ती माणसांच्या आकड्यांतही मांडून पाहिली पाहिजे.

बोटीची जडणघडण

जर्मनीच्या आरमाराने पाणबुडीचा स्वीकार इतर राष्ट्रांच्या मानाने उशिरा केला. पहिली पाणबुडी 'यू-१' ही कील येथील जर्मानिया गोदीत बांधली गेली आणि १४ डिसेंबर १९०६ रोजी आरमारात दाखल झाली. तिची इंजिने घासलेटावर चालत. त्यांतून निघणारा दाट धूर दिवसा दुरून दिसे आणि जिने लपायचे तिलाच तो उघडे पाडी. ही अडचण डिझेल इंजिन आल्यावर दूर झाली. १९१३ मध्ये दाखल झालेली 'यू-१९' ही डिझेलवर चालणारी पहिली जर्मन पाणबुडी. आज 'यू-१' म्युनिक येथील जर्मन संग्रहालयात जतन केलेली आहे.

'यू-३८' ही या पहिल्या पिढीतील पुढची पायरी होय. तिची मागणी १९१२ साली नोंदवण्यात आली. महायुद्ध सुरू होऊन जेमतेम महिना लोटला असताना, ९ सप्टेंबर १९१४ रोजी, कीलच्या त्याच जर्मानिया गोदीतून ती पाण्यात उतरली आणि १५ डिसेंबर १९१४ रोजी आरमारात रुजू झाली. दुसऱ्या महायुद्धात याच क्रमांकाची आणखी एक जर्मन पाणबुडी होती. तिचा या कथेशी संबंध नाही.

तिची लांबी सुमारे ६५ मीटर आणि रुंदी सव्वासहा मीटरच्या आसपास होती. पृष्ठभागावर असताना तिचे विस्थापन ६८५ टन आणि बुडाल्यावर ८७८ टन भरे. पृष्ठभागावर ती डिझेल इंजिनांवर ताशी सोळा सागरी मैलांच्या वेगाने जाई. पाण्याखाली हवा मिळत नसल्याने इंजिन बंद करून विजेऱ्यांवर चालावे लागे आणि मग वेग ताशी दहा मैलांच्याही खाली येई. पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडण्यासाठी तिला पुढे दोन व मागे दोन अशा चार नळ्या होत्या आणि एकूण सहा पाणतीर बरोबर नेता येत. शिवाय डेकवर तोफ होती. अधिकारी धरून सुमारे पस्तीस माणसे त्या अरुंद नळकांड्यात आठवडेच्या आठवडे राहत.

हे तपशील देण्याचे कारण असे की, त्या काळची पाणबुडी आजच्यासारखी दीर्घकाळ पाण्याखाली राहणारी नव्हती. खरे तर ती गरजेपुरती बुडी मारणारी एक लहान, नाजूक बोट होती. विजेऱ्या भरण्यासाठी तिला वर यावेच लागे. पाणतीर अवघे सहा असल्याने शक्य तेथे ते वाचवून तोफेनेच काम भागवण्याकडे तिच्या कप्तानांचा कल असे. तिचे बळ लपण्यात होते आणि दुबळेपणा दिसण्यात. समुद्रयुद्धाचे जुने नियम तिच्या आगमनाने कोलमडले, त्याचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

जुने नियम आणि नवे शस्त्र

शत्रूचे व्यापारी जहाज कसे पकडावे याविषयी पूर्वापार संकेत होते. युद्धनौकेने आधी इशारा द्यावा, जहाज थांबवावे, कागदपत्रे तपासावीत, आणि जहाज बुडवणे अपरिहार्य असेल तर त्यावरील माणसांना प्रथम सुरक्षित स्थळी पोहोचवावे. मोठ्या युद्धनौकेला हे जमण्यासारखे होते. पाणबुडीला मात्र कैद्यांसाठी जागा नव्हती, जहाज ताब्यात घेऊन बंदरात नेण्यासाठी जादा खलाशी नव्हते, आणि वर येऊन इशारा देताच व्यापारी जहाजावरील एखादी लहान तोफही तिचा पातळ पत्रा फोडू शकत होती. ब्रिटिशांनी व्यापारी जहाजांवर तोफा बसवल्या, काही युद्धनौकांना मालवाहू जहाजाचे सोंग दिले, आणि हा धोका अधिकच वाढवला.

सप्टेंबर १९१४ मध्ये 'यू-९' या जुन्या पाणबुडीने एका सकाळी तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या, तेव्हा या शस्त्राची ताकद जगाला कळली. दि. ४ फेब्रुवारी १९१५ रोजी जर्मनीने ब्रिटनभोवतीचा समुद्र युद्धक्षेत्र म्हणून जाहीर केला. ब्रिटनने जर्मनीची सागरी नाकेबंदी करून अन्नधान्य अडवले होते आणि त्याला हे प्रत्युत्तर आहे, अशी जर्मनीची भूमिका होती. दि. ७ मे १९१५ रोजी 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज 'यू-२०' ने बुडवले. त्यात सुमारे बाराशे माणसे मृत्युमुखी पडली आणि मृतांत अमेरिकन नागरिकही होते. अमेरिकेचा रोष वाढू लागल्यावर प्रवासी जहाजांवर पूर्वसूचनेशिवाय हल्ला करू नये असे निर्बंध जर्मन पाणबुड्यांवर घालण्यात आले. पुढे 'यू-३८' ने जे केले त्याचे गांभीर्य या निर्बंधांच्या पार्श्वभूमीवरच कळते.

मॅक्स व्हॅलेंटायनर

'यू-३८' चा पहिला कप्तान मॅक्स व्हॅलेंटायनर याचा जन्म १८८३ साली झाला. तो एका धर्मोपदेशकाचा मुलगा होता. युद्धापूर्वी पाणबुडीच्या बचावकार्यात त्याचा अनुभव होता. जानेवारी १९११ मध्ये कीलच्या बंदरात 'यू-३' ही पाणबुडी बुडाली, तेव्हा आत अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्याच्या कामात त्याचा भाग होता. बुडालेल्या नळकांड्यात माणूस कसा गुदमरतो हे त्याने जवळून पाहिले होते. तोच माणूस पुढे साऱ्या युद्धातील सर्वाधिक जहाजे बुडवणाऱ्या कप्तानांत गणला गेला. इतिहासातील माणसे एका रंगात रंगवता येत नाहीत, त्याचे हे एक उदाहरण म्हणावे लागेल.

१९१५ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश बेटांभोवतीच्या एकाच सफरीत 'यू-३८' ने आगबोटी, मासेमारी बोटी आणि शिडाची गलबते मिळून सुमारे तीस नौका बुडवल्या. त्यानंतर तिला भूमध्य समुद्रात पाठवण्यात आले. या बदलीमागे दोन हेतू होते. अटलांटिकमध्ये अमेरिकन जहाजे व प्रवासी यांचा वावर मोठा होता, भूमध्य समुद्रात तो कमी. दुसरे म्हणजे, ब्रिटनला पूर्वेकडील साम्राज्याशी जोडणारी धमनी याच समुद्रातून वाहत होती. जिब्राल्टर, मार्सेल, माल्टा, पोर्ट सैद, सुएझ, एडन आणि मुंबई अशी ती साखळी. सैन्य, दारूगोळा, कापूस, ताग, गहू, चहा आणि टपाल सारे या वाटेने जात होते. ती वाट तोडली की केप ऑफ गुड होपचा लांबचा वळसा घ्यावा लागे आणि प्रत्येक फेरीचे दिवस वाढत.

जर्मन पाणबुड्यांना तेथे ऑस्ट्रियाच्या ताब्यातील पोला आणि कटारो ही बंदरे तळ म्हणून मिळाली होती. पोला आज क्रोएशियात तर कटारो, म्हणजे कोटोर, माँटेनेग्रोमध्ये आहे. 'यू-३८' नोव्हेंबर १९१५ मध्ये या समुद्रात आली आणि आल्याबरोबर वाद ओढवून घेती झाली. त्याच महिन्यात तिने 'अँकोना' हे इटालियन प्रवासी जहाज बुडवले. त्यात दोनशेहून अधिक माणसे दगावली. इटली त्या वेळी ऑस्ट्रियाशी युद्धात होता, परंतु जर्मनीशी नव्हता. म्हणून जर्मन पाणबुडीने ऑस्ट्रियाचे निशाण लावून हा हल्ला केला आणि त्याची राजनैतिक जबाबदारी ऑस्ट्रियाला आपल्या शिरावर घ्यावी लागली. डिसेंबरच्या २१ तारखेस 'यासाका मारू' हे मोठे जपानी जहाजही तिने बुडवले. त्या प्रसंगी मात्र सर्व माणसे वाचली.

३० डिसेंबर १९१५

पेनिन्सुलर अँड ओरिएंटल, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली पी. अँड ओ., या कंपनीकडे हिंदुस्थानच्या विलायती टपालाचा ठेका होता. 'इंडिया', 'चायना', 'इजिप्त', 'अरेबिया' आणि 'पर्शिया' अशी पाच भगिनी जहाजे तिच्याकडे होती. 'पर्शिया' हे १९०० साली स्कॉटलंडमध्ये बांधलेले, सुमारे आठ हजार टनांचे जहाज. डिसेंबर १९१५ मध्ये ते लंडनहून निघाले आणि मार्सेल व माल्टा या मार्गाने पोर्ट सैदकडे जात होते. तेथून पुढे मुंबई. त्यावर मुंबईची टपालाची पोती होती. हिंदुस्थानात नोकरीवर रुजू होण्यास निघालेले अधिकारी, त्यांच्या बायका-मुले, परिचारिका आणि मिशनरी होते. एडन येथे वकिलातीचा कार्यभार घेण्यास निघालेला रॉबर्ट मॅकनीली हा अमेरिकन अधिकारी होता. हिंदुस्थान सरकारचा मोटार वाहतूक सल्लागार म्हणून नेमला गेलेला लॉर्ड माँटेग्यू आणि त्याची सचिव एलेनॉर थॉर्नटन हेही होते. रोल्स-रॉइस मोटारीच्या नाकावर दिसणारी पंखधारी स्त्रीची मूर्ती याच थॉर्नटनवरून घडवली असे मानले जाते. कपुरथळ्याचे महाराज जगतजितसिंह या सफरीत होते, पण ते मार्सेलला उतरले आणि त्यांचा जडजवाहीर जहाजावरच राहिला, असे सांगितले जाते.

दि. ३० डिसेंबर रोजी जहाज क्रीट बेटाच्या दक्षिणेस होते. दुपारचा एक वाजून गेला होता आणि प्रवासी जेवणाच्या टेबलांवर नुकतेच बसले होते. 'यू-३८' ने पाण्याखालून, कोणताही इशारा न देता, एक पाणतीर सोडला. तो जहाजाच्या डाव्या अंगावर पुढील भागात आदळला. पाठोपाठ बॉयलरचा स्फोट झाला. जहाज डाव्या बाजूस कलंडले. त्यामुळे वर उचलल्या गेलेल्या बाजूच्या होड्या खाली सोडता येईनात आणि बुडणाऱ्या बाजूच्या होड्या जहाजाबरोबरच ओढल्या जाऊ लागल्या. पाच ते दहा मिनिटांत सारे संपले. जहाजावरील ५१९ माणसांपैकी ३४३ माणसे मरण पावली. त्यांत मॅकनीली आणि थॉर्नटन होते. माँटेग्यू एका फुटक्या होडीच्या आधाराने तीसहून अधिक तास समुद्रात राहिला. एका जहाजाने त्याला उचलून घेतले. मायदेशी पोहोचल्यावर त्याला स्वतःचाच मृत्युलेख वर्तमानपत्रात वाचायला मिळाला.

'पर्शिया' च्या पिछाडीस एक तोफ बसवलेली होती. तोफ असलेले जहाज व्यापारी मानावे की लढाऊ, हा वाद पुढे बराच चालला. अमेरिकेने विचारणा केली, परंतु कोणत्याही सरकारने या हल्ल्याची जबाबदारी त्या वेळी उघडपणे पत्करली नाही. तोफेचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. इशारा मिळाला असता आणि होड्या सोडण्यास अर्धा तास मिळाला असता, तर जहाज गेले असते, माणसे बव्हंशी राहिली असती. 'यासाका मारू' च्या बाबतीत नऊ दिवसांपूर्वी प्राणहानी टळली होती. येथे ती टाळण्याची संधीच ठेवली गेली नाही.

त्याच दिवशी, त्याच समुद्रभागात, 'यू-३८' ने 'क्लॅन मॅकफार्लेन' हे मालवाहू जहाजही बुडवले. तेही मुंबईकडे निघालेले होते. त्यावरील ५२ माणसे मरण पावली. त्यावर ना लॉर्ड होता, ना परदेशी वकील, ना महाराजांचे जवाहीर. म्हणून त्या जहाजाचे नाव क्वचितच कोणाच्या ऐकण्यात येते.

भट्टीपुढची माणसे

ब्रिटिश जहाजांवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांना इंग्रज 'लस्कर' म्हणत. महायुद्ध सुरू झाले तेव्हा अशा खलाशांची संख्या पन्नास हजारांहून अधिक होती. पी. अँड ओ. सारख्या कंपन्यांची भरती मुख्यतः मुंबईत होई. डेकवरील खलाशी गुजरातच्या किनाऱ्यावरून, दमणहून आणि रत्नागिरी जिल्ह्यातून येत. बॉयलरला कोळसा घालणारे आगवाले पुष्कळदा पंजाब व सरहद्दीकडील असत. भोजनगृहातील वाढपी आणि आचारी बहुधा गोव्याचे. या गोवेकरांनी मुंबईत धोबी तलाव, डाबूल या भागांत आपापल्या गावांच्या नावाने 'कूड' चालवल्या होत्या. दोन सफरींमधले दिवस ते तेथे एकत्र राहून काढीत. खलाशांच्या टोळीचा मुख्य सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाणूवर सुकाणी अशी त्यांची उतरंड होती. सारंग हाच बहुधा आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे भरतीस आणी. त्यामुळे एक जहाज बुडाले की कधीकधी एकाच गावातल्या अनेक घरांवर एकदम घाला पडे.

त्यांचा पगार त्याच कामासाठी ब्रिटिश खलाशाला मिळणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाइतका असे. तरीही कोकणातील नापीक कातळाच्या मानाने तो आधार होता. पेरणीला आणि लग्नाला लागणारा पैसा या पगारातून उभा राही. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली काम करणाऱ्या आगवाल्यांना आणि कोळसेवाल्यांना पाणतीराचा धोका सर्वांत अधिक. स्फोटाचे ठिकाण बहुधा तेच असे आणि तेथून वर येण्याची शिडी अरुंद. भूमध्य समुद्राच्या हिवाळ्यात उघड्या होडीत बसून राहणे हेही उष्ण किनाऱ्यावरच्या माणसांना जिवावरचेच होते.

या युद्धात सुमारे ३,४०० हिंदी खलाशी मरण पावले आणि सुमारे १,२०० शत्रूच्या कैदेत गेले असा हिशेब दिला जातो. हे सैनिक नव्हते. त्यांनी शस्त्र हाती घेतलेले नव्हते आणि ज्या साम्राज्यासाठी ते मेले त्याच्या कारभारात त्यांना आवाजही नव्हता. तरी जहाजे बुडत असतानाच्या काळात भरती थांबली नाही. ही माणसे पुन्हापुन्हा मुंबईच्या गोदीत हजेरी लावीत राहिली, म्हणूनच टपाल, धान्य आणि दारूगोळा यांची ये-जा टिकून राहिली.

फुंशालपासून ब्रेस्टपर्यंत

'पर्शिया' नंतरही 'यू-३८' ची कारकीर्द जवळजवळ तीन वर्षे चालली. १९१६ च्या डिसेंबरमध्ये तिने आपल्या नेहमीच्या क्षेत्राबाहेर, अटलांटिकमधील पोर्तुगालच्या मदैरा बेटावर धडक मारली. दि. ३ डिसेंबर रोजी सकाळी ती फुंशालच्या बंदरात शिरली आणि तेथे नांगरलेली तीन जहाजे तिने बुडवली. 'सरप्राइज' ही फ्रेंच तोफनौका, 'कांगुरू' हे फ्रेंच वाहतूक जहाज आणि 'डेशिया' हे समुद्राखालील तारेच्या दोऱ्या टाकणारे ब्रिटिश जहाज. जर्मनीला दक्षिण अमेरिकेशी जोडणारी तार तोडून वळवण्याच्या कामात 'डेशिया' गुंतलेले होते. त्यानंतर पाणबुडीने सुमारे दोन तास शहरावर तोफा डागल्या. त्याच महिन्यात व्हॅलेंटायनरला 'पूर ल मेरीत' हा जर्मनीचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला.

दि. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने सारे निर्बंध झुगारून बेछूट पाणबुडीयुद्ध पुकारले. एकट्या एप्रिल १९१७ मध्ये मित्रराष्ट्रे व तटस्थ देश यांची मिळून साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे नष्ट झाली. ही या युद्धातील सर्वांत मोठी मासिक हानी होय. परंतु याच धोरणामुळे त्या महिन्यात अमेरिका युद्धात उतरली, आणि व्यापारी जहाजांचे काफिले करून त्यांना युद्धनौकांच्या पहाऱ्यात नेण्याची पद्धत सुरू झाली. एकटे सावज मिळेनासे झाले. सप्टेंबर १९१७ मध्ये व्हॅलेंटायनर मोठ्या पल्ल्याच्या 'यू-१५७' या पाणबुडीवर गेला आणि 'यू-३८' इतर अधिकाऱ्यांच्या हाती आली. पूर्वीचे यश तिला पुन्हा लाभले नाही.

१९१८ च्या शरदात ऑस्ट्रियाचे साम्राज्य कोसळले आणि जर्मन पाणबुड्यांना ॲड्रियाटिकमधील तळ सोडून मायदेशी परतावे लागले. 'यू-३८' ही परतली. दि. २३ फेब्रुवारी १९१९ रोजी ती फ्रान्सच्या स्वाधीन करण्यात आली आणि १९२१ मध्ये ब्रेस्टच्या गोदीत मोडून भंगारात काढण्यात आली. तिच्या खात्यावर एकशे तीसहून अधिक जहाजे आणि सुमारे तीन लाख टन इतकी हानी जमा आहे. तिच्याच जातीच्या 'यू-३५' आणि 'यू-३९' एवढ्या दोनच पाणबुड्या त्या युद्धात तिच्या पुढे होत्या. व्हॅलेंटायनरचे नाव मित्रराष्ट्रांनी तयार केलेल्या युद्धगुन्हेगारांच्या यादीत होते, पण त्याच्यावर खटला उभा राहिला नाही. तो १९४९ साली डेन्मार्कमध्ये वारला.

गिरणीच्या भोंग्यापर्यंत

समुद्रावरील या हालचालींचे तरंग माळव्यापर्यंत पोहोचले ते दोन मार्गांनी. एक म्हणजे माणसांच्या. होळकर संस्थानचे शाही सेवेतील वाहतूक दल महायुद्धात परदेशी रणांगणावर गेले होते, आणि तेथे जाण्याची वाट जहाजाचीच होती. दुसरा मार्ग कापडाचा. परदेशीपुऱ्याच्या लगतच्या मालवा मिलचे उत्पादन १९०९ मध्ये सुरू झाले होते आणि महायुद्धाच्या काळात इंदूर हे गिरण्यांचे शहर म्हणून आकार घेत होते. जहाजांची संख्या घटली, उरलेली लष्करी कामास लागली आणि लँकेशायरहून येणाऱ्या कापडाचा ओघ आटला. देशभर कापडाचे भाव भडकले. हिंदी गिरण्यांना मोकळी बाजारपेठ मिळाली आणि मालकांना मोठा नफा झाला. त्याच वेळी नवी यंत्रे व सुटे भाग विलायतेहून येणे दुरापास्त झाले आणि महागाईने कामगाराचा पगार अपुरा पडू लागला. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या कामगाराला भूमध्य समुद्राचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, परंतु धोतरजोडीच्या वाढलेल्या किमतीत त्या समुद्राचा वाटा होता.

१९१७ च्या फेब्रुवारीत तर युद्ध मुंबईच्या दाराशी आले. 'वोल्फ' या जर्मन जहाजाने बंदराबाहेर सुरुंग पेरले आणि २३ जून १९१७ रोजी पी. अँड ओ. चे 'मंगोलिया' हे जहाज त्यांतील एका सुरुंगावर आदळून बुडाले.

दोन नोंदवह्या

२००३ साली 'पर्शिया' चे अवशेष शोधून सुमारे तीन हजार मीटर खोलीवरून काही वस्तू वर काढण्यात आल्या. त्यांत माणके होती. इंग्लंडमधील बकलर्स हार्डच्या संग्रहालयात या जहाजाची कथा मांडलेली आहे. महाराजांच्या ऐवजाचे आणि मोटारीवरील मूर्तीचे आकर्षण सहज समजण्यासारखे आहे. पण त्या दुपारी सर्वांत मोठ्या संख्येने जे बुडाले त्यांची आठवण कोठे आहे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर दोन शहरांत विभागलेले आहे. समुद्रात नाहीशा झालेल्या ब्रिटिश व्यापारी खलाशांची नावे लंडनच्या टॉवर हिल येथील स्मारकावर कोरलेली आहेत. हिंदी खलाशांची नोंद मात्र मुंबईत, मशीद बंदर येथील खलाशांच्या वसतिगृहातील स्मारकात आहे. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक जणांचे ते स्मारक होय. बंगाल व आसामकडील ८९६ खलाशांच्या स्मरणार्थ कलकत्त्यास हुगळीच्या काठी १९२४ मध्ये वेगळे स्मारक उभारले गेले. एका जहाजावर, एकाच घटकेला मेलेल्या माणसांची नावे अशा रीतीने कातडीच्या रंगाप्रमाणे दोन खंडांत वाटली गेली. मुंबईच्या नोंदवहीत नाव, हुद्दा, जहाज आणि मृत्यूचा दिवस एवढेच मिळते. तरीही ती नोंदवही आहे, हे महत्त्वाचे आहे. ती चाळणाऱ्याला 'पर्शिया' च्या नावापुढे एकच तारीख पुनःपुन्हा आलेली दिसते.

कीलची गोदी आणि मुंबई यांचा संबंध पुढे निराळ्या रीतीने जुळला. भारतीय नौदलाची 'शिशुमार' ही पाणबुडी कीलमध्येच बांधली गेली आणि १९८६ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच जर्मन आराखड्यावरची 'शल्की' माझगाव गोदीत तयार होऊन ७ फेब्रुवारी १९९२ रोजी रुजू झाली. ज्या शहरातल्या गोदीवर १९१६ च्या जानेवारीत एका टपालबोटीची वाट पाहिली गेली आणि ती आली नाही, त्याच शहरातल्या कारागिरांनी पाऊणशे वर्षांनी स्वतः पाणबुडी बांधली.

युद्धनौकेची कारकीर्द टनांत मोजण्याची रीत आरमारांनी आपल्या सोयीसाठी पाडली. टनाला गाव नसते, घर नसते, मागे राहिलेले कोणी नसते. 'यू-३८' च्या खात्यावरील तीन लाख टनांचा आकडा खरा आहे, पण अपुरा आहे. तो पुरा करण्याचे साधन मशीद बंदरच्या त्या यादीत, रत्नागिरीच्या जुन्या दप्तरांत आणि गोव्याच्या चर्चमधील नोंदींत विखुरलेले आहे. एकेका गावाने आपल्या समुद्रात गेलेल्या माणसांची नावे त्यांतून शोधून वेगळी लिहून काढली, तर या पाणबुडीचा इतिहास मराठीत प्रथमच नीट लिहिला जाईल.